पाठीवर काही नव्हतं

“अजी, मायी पाठ पाहा बरं जरासी. काही चावलं का?”

धुरपता उंबऱ्यातून म्हणाली, आणि केवलरामच्या हातातला वस्तरा हनुवटीखाली तसाच थांबला. कापलं मात्र नाही. गोंदियाच्या बिडी-कारखान्यात बारा वर्षं चेकर म्हणून बसलेल्या माणसाचा हात असा सहजासहजी हलत नाही. बायांनी आणलेल्या बिड्यांतून पोकळ, वाकडी, सैल बिडी तो बोलता बोलता वेचून फेकायचा, आणि समोरची बाई कितीही कळवळली तरी फेकलेली बिडी पुन्हा उचलायचा नाही. आज कारखान्याला सुट्टी होती. दसरा होऊन आठवडा झाला होता, अंगणात ऊन चांगलं तापलं होतं, शेजारच्या मंदाबाईच्या चुलीवर मासे शिजत होते आणि धुरपताला आठवा महिना होता. सुट्टी असूनही ती तेंदूची पानं आणि तंबाखू असलेलं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ते बाजूला सारलं, पाठ त्याच्याकडे केली आणि दोन खांद्यांच्या मधली जागा दाखवायला हात मागे नेला. तिची बोटं लांब होती, इतकी लांब की खालून मागे नेलेला हात नेमका त्या जागेवर पोचला. केवलराम अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून उठला. त्यानं पदर बाजूला करून पाहिलं. घामाचे चार थेंब होते. बाकी पाठीवर काही नव्हतं.

“काही नाही,” तो म्हणाला. हे त्याला पाहण्याआधीच ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी धुरपताची थोरली बहीण शामकला, म्हणजे केवलरामची पहिली बायको, सौंदडला बापाच्या धानाच्या बांधावर अशीच किंचाळली होती, “चावलं वो पाठीत!” तिला तेव्हा सातवा महिना. पोळ्याला माहेरी गेलेली, निंदण करणाऱ्या बायांना भाकर पोचवायला म्हणून बांधावर गेली आणि खाली बसली. धानाच्या बांधावर बाई किंचाळून खाली बसली की सौंदडात दुसरा विचार कुणी करत नाही. पान लागलं, म्हणजे साप चावला. त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून असं बोलायचं. सासरे बकाराम यांनी पोरीला बैलबंडीत घालून इतवारीकडे नेलं. इतवारी जंगलपट्टीतला म्हातारा, साप उतरवणारा म्हणून दहा गावांत नाव. त्यानं तिला कडुनिंबाचा पाला चावायला दिला. विष चढलेल्याला निंब कडू लागत नाही. शामकलानं तोंड वाकडं करून पाला थुंकला. इतवारीनं पुन्हा दिला, तिनं पुन्हा थुंकला. म्हातारा हात जोडून म्हणाला, “हिले जनावर लागलं नाही जी. मंतर कायचा मारू? हिले दवाखान्यात न्या.” लोक म्हणाले, इतवारी म्हातारा झाला, त्याचा मंत्र गेला. आणि तासाभरात शामकलाला बरं वाटलंही. उठून बसली, पेज प्यायली, आपल्या दोन वर्षांच्या लेकीला, नंदीला, जवळ घेऊन म्हणाली, उगाच घाबरवलं मी सगळ्यांना. गोंदियाहून धावत गेलेल्या केवलरामला तिनं हसून दाखवलं होतं. तिन्हीसांजेला नंदीची वेणी घालता घालता ती एका कुशीवर कलंडली, ती कलंडलीच. रिबीन तिच्या बोटांतच राहिली होती.

“पान तं नाही लागलं जी मले? बाईवानी?” धुरपता विचारत होती. थोरल्या बहिणीला ती बाई म्हणे. आता ती सुपातली पानं उलटीपालटी करून पाहत होती, एकेक पान डोळ्यांजवळ नेऊन, कारण तिला लांबचं नीट दिसत नसे. तेही शामकलासारखंच. आवाज ऐकून मंदाबाई हातातल्या पळीसकट कुंपणाशी आली आणि तिनं निकाल देऊन टाकला, “अवो, बिडीचं दुखनं हाय थे! दिवसभर वाकून बसते, मंग पाठ काऊन नाही दुखन? ईट तापवून शेक.” गोंदियात निम्म्या बायांची पाठ दुखते आणि निम्म्या बाया विटेनं शेकतात, त्यात मंदाबाईचं काय चुकलं? धुरपताला ते पटलंही. रंग परत येत होता तिच्या तोंडावर. “थांबली आता कळ,” ती म्हणाली. “पयले कसं कोनी फाडल्यावानी झालं.” केवलरामनं तोंडावरचा साबण धोतराच्या सोग्यानं पुसला, नंदीला मंदाबाईकडे सोपवलं आणि टांगा आणायला निघाला. दोन पावलांत त्याला वाटलं, आपण पळतोय. मग तो मुद्दाम हळू चालू लागला.

त्याला ठाऊक होतं. गोंदियात, सौंदडात, साऱ्या मुलखात ते ठाऊक असलेला तो एकटाच उरला होता. शामकलाचा अचानक मृत्यू म्हणून पोलीस पाटलानं कळवलं, आणि चिरफाडीसाठी तिला गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात आणावं लागलं. तेव्हाचे डॉक्टर हिंदीभाषी, वयस्क, बिडी पिणारे. त्यांनी केवलरामला मागच्या व्हरांड्यात बोलावलं. “साँप-वाँप कुछ नहीं,” ते म्हणाले. “दिल से जो बड़ी नस निकलती है, वो फट गयी. पैदाइशी कमज़ोर थी. पेट से होने पर उस पर ज़ोर पड़ता है.” मग त्यांनी आपलाच पंजा पसरून दाखवला. “उसकी उँगलियाँ देखी थीं? कितनी लंबी? वही निशानी है. किताब में पढ़ा था, देखा आज.” केवलरामनं ती बोटं पाहिली नव्हती तर काय? त्या बोटांसाठीच तर सून केली होती. पाहायला गेले तेव्हा त्याच्या आईनं पोरीसमोर सूप सरकवलं, आणि शामकलानं अशी झरझर बिडी वळली की आई तिथंच म्हणाली, हीच पोरगी. लोक नाक-डोळे पाहतात, बिडीच्या मुलखात बोटं पाहतात. डॉक्टरांनी विचारलं, बहिणी आहेत का? एक आहे, तो म्हणाला. “तो उसको भी होगा, शायद. शादी हो, पेट से रहे, तो फ़ौरन नागपूर के बड़े अस्पताल ले जाना. घरवालों को बता देना.”

सांगायला तो बाहेर आलाच होता. पायरीवर बकाराम बसले होते, डोक्याला पागोटं नाही, हातात शामकलाचं एक जोडवं. त्यांनीच आधी विचारलं, “पानच लागलं नं जवाई?” म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून केवलराम म्हणाला, “हो मामाजी.” त्या घटकेला ते खोटं नव्हतं, दया होती. साप चावला की दोष कुणाच्या डोक्यावर येत नाही. ना बापाच्या रक्तावर, ना नवऱ्याच्या हयगयीवर. बकाराम मोकळेपणी रडले, आणि केवलरामला आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटलं. पण दया म्हणून दिलेली वस्तू परत मागता येत नाही. तेराव्याच्या दिवशी बायका म्हणाल्या, पोरीची मावशी घरातच आहे, परकी बाई कायले आणता? असं होतंच. बहीण गेली की धाकटी बहीण तिच्या घरी जाते. लेकराला मावशीची माया, जवायाला ओळखीचं घर. बकारामांनी मान डोलावली. सगळ्यांनी केवलरामकडे पाहिलं. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. त्यानं मनाशी म्हटलं, बोललो तर धुरपताला दुसरंही कुणी करणार नाही, जन्मभर बापाच्या दारात बसेल. तिच्यासाठीच गप्प बसतो मी. माणूस स्वतःला किती सोज्वळपणे समजावू शकतो! खरी गोष्ट अशी होती की सुतकाच्या त्या दिवसांत नंदीला कडेवर घेऊन अंगणात फिरणारी धुरपता त्याच्या डोळ्यांत भरली होती. त्याला ती हवी होती. लग्नात हातावर हात ठेवताना तिची बोटं त्याच्या मनगटापर्यंत पोचली, आणि त्याला डॉक्टरांचा पसरलेला पंजा आठवला. तोही त्यानं मनातून बाजूला सारला.

पुढची तीन वर्षं डॉक्टरांच्या त्या ‘शायद’वर तो जगला. शायद म्हणजे होईलच असं नाही. गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवापाशी लोक मूल मागायला जातात. केवलराम प्रत्येक शिवरात्रीला जाऊन मूल नको म्हणून मागत असे, आणि शेजारी उभी धुरपता डोळे मिटून नेमकं उलटं मागत असे. देवानं तिचं ऐकलं. तिला दिवस गेले तेव्हा घरात पेढे आले, आणि पेढा तोंडात धरून केवलराम बराच वेळ तसाच बसून राहिला. दर महिन्याला तो ठरवायचा, या महिन्यात हिला नागपूरला नेऊ. पण नेऊ तर काय सांगून नेऊ? राज्यं नवी आखली गेली तेव्हा ते जुने डॉक्टर तिकडे मध्य प्रदेशात निघून गेले होते. ते गेल्याचं कळलं त्या दिवशी त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे आठवून आज टांग्यात त्याची त्यालाच शिसारी आली.

दवाखान्यातला नवा डॉक्टर पुण्याकडचा, तिशीचा, शिस्तीचा. बाहेर तापाच्या रोग्यांची रांग होती. त्यानं धुरपताची पाठ पाहिली, नर्सकडून पोट तपासून घेतलं, एका मनगटाची नाडी पाहिली. “चावलेलं काही नाही. बाळ व्यवस्थित आहे. फार वाकून काम करता का?” बिड्या वळते, ती म्हणाली. “मग दुखणारच,” डॉक्टर म्हणाला, आणि लिहिता लिहिता त्यानं विचारलं, “घरात कुणाला असा त्रास होता? कुणी असं अचानक गेलं?”

“बहीन गेली जी मायी,” धुरपता म्हणाली. “पन थिले पान लागलं होतं.”

“म्हणजे?”

“साप चावला,” नर्सनं सांगितलं.

“सापाचा इथं काय संबंध!” डॉक्टरला हसू आलं. त्यानं मान वर करून केवलरामकडे पाहिलं. “आणखी काही?”

ते वाक्य केवलरामच्या तोंडात तयार होतं, हिंदीतच, शब्दन् शब्द. पण धुरपता त्याच्याकडे मान वळवून पाहत होती, भरवशानं, जसं माणूस आपल्या माणसाकडे पाहतं. तिच्यासमोर कसं बोलायचं? नंतर एकट्याला गाठून सांगू, रांग सरली की सांगू. “नाही जी,” तो म्हणाला. डॉक्टरनं चोळायच्या तेलाची बाटली लिहून दिली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

परतताना धुरपता खुशीत होती. टांगेवाला रामलाल घोड्याशी बोलत होता आणि ती नवऱ्याशी. आज दुपारी अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं बाबा मला न्यायला येणार, तिच्याच परतीच्या फेरीनं जायचं, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, नंदीला बरोबर नेऊ, की तिची शाळा बुडेल? नवा धान निघाला असेल, बाबा पोहे आणतील. मध्येच तिनं बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि नाक मुरडलं. केवलराम तिच्या बोटांकडे पाहत होता. चेकरचं काय काम असतं? खोट दिसली की बाजूला काढायची, पुढे जाऊ द्यायची नाही. त्यानं खोट पाहिली होती, ओळखली होती, आणि हातानं पुढे सरकवली होती. दोन तासांनी ती छोट्या गाडीच्या फळीवर धक्के खात सौंदडला जाईल. तिथं दवाखाना नाही, इतवारीही वारला. तिथं ती उठून बसेल, पेज पिईल, हसेल, आणि तिन्हीसांज होईल.

“रामलाल, रोको,” तो ओरडला. रेल्वेच्या पुलाशी टांगा थांबला. रामलाल घोड्याला पाणी दाखवायला हौदाकडे गेला. केवलरामनं धुरपताकडे न पाहता सगळं सांगितलं. नस, बोटं, व्हरांडा, पायरी. पुलाखालून मालगाडी जात होती, म्हणून काही शब्द त्याला दोनदा बोलावे लागले. तेच फार कठीण गेलं.

धुरपतानं मालगाडीचा शेवटचा डबा पुलाखालून जाऊ दिला. मग म्हणाली, “मंग बाईले काही चावलंच नोहोतं?”

“नाही.”

“इतवारीबुवा खरा बोलला होता.”

“हो.”

“आपलं लगन होयाच्या आधी तुमाले मालूम होतं?”

“होतं.”

“आन् मघाशी? डाक्टरनं इचारलं तवा?”

तो तिच्या रडण्याची, मारण्याची वाट पाहत होता. त्यातलं काही झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले, पालथे, मग उताणे, जसे दुसऱ्या कुणाचे हात पाहावेत. मग टांग्यातून मान बाहेर काढून तिनंच हाक मारली, “रामलालभाऊ, टांगा फिरवा. दवाखान्यात. हळू न्या.” सगळा रस्ता ती पाठ ताठ ठेवून, पोटाखाली हात धरून बसली. केवलरामनं आधार द्यायला हात पुढे केला, तेव्हा म्हणाली, “नोको.”

डॉक्टरला तिनं स्वतः सांगितलं, उभ्या उभ्या, चार वाक्यांत. डॉक्टर खुर्चीवरून उठला. त्यानं तिची दोन्ही मनगटं एकाच वेळी धरली आणि डोळे मिटले. उजव्या हातात नाडी होती. डाव्या हातात तो बराच वेळ शोधत राहिला. मग त्यानं तिला स्वतः खाटेवर निजवलं, कुशीवर, आणि नर्सला सांगितलं की हिला उठू द्यायचं नाही, हसवायचं नाही, रडवायचं नाही. तीनच्या मोठ्या गाडीनं निजवूनच नागपूरला न्यायचं. तो तारही करणार होता. बाहेर येऊन तो केवलरामसमोर थांबला. “मी सकाळी विचारलं होतं तुम्हाला,” तो म्हणाला. आवाज चढवला असता तर केवलरामला मान खाली घालता आली असती. रामलालला टांगा घेऊन घरी पाठवलं, बकाराम गाडीतून उतरून घरी गेले असतील तर त्यांना घेऊन यायला.

साडेबारा वाजले होते. खोलीत दुसरी खाट रिकामी होती. धुरपतानं त्याला आत बोलावलं आहे असं नर्स म्हणाली तेव्हा केवलरामला खरं वाटलं नाही. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

“नंदीची बोटं पायली तुमी?” तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. रोज पाहत होता. सहा वर्षांच्या पोरीची बोटं पेन्सिलीभोवती दीड वेढा घेत. मंदाबाई कौतुकानं म्हणे, ही आईच्या वर जाईल.

“थिले सांगान? थिच्या होनाऱ्या मानसाले सांगान? का थिलेबी एखादं जनावर चावून ठेवान?”

“सांगीन. तुझी आन.”

“मायी आन नोको. आन खाऊन का होते?” तिला धाप लागत होती, म्हणून ती थांबून थांबून बोलत होती. “बाबा येऊन राहिले. त्याईले सांगा पयले. मायासमोर. मले आयकू द्या तुमी कसे सांगता थे. मंग मी नागपूरले जाईन.”

बकाराम आले ते पोह्यांची पिशवी छातीशी धरून. टांग्यातून उतरून पळत आले असावेत, पायांत एकच वहाण होती. त्यांनी पिशवी खिडकीत ठेवली, लेकीच्या कपाळावर हात ठेवला. ती म्हणाली, “बाबा, हे काही सांगतेत. आयका.” म्हातारा खाटेच्या कडेवर टेकला आणि त्यानं जावयाकडे पाहिलं. केवलरामनं नजर फरशीवर लावली. फरशीला एक तडा होता, दारापासून खाटेपर्यंत गेलेला. त्या तड्यावर डोळे ठेवून तो बोलू लागला. एकदा सुरू झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं, इतकं सोपं होतं ते. शामकलाची नस. डॉक्टरांचा पंजा. पायरीवरचा तुमचा प्रश्न मामाजी, आणि माझा हो. तेरावा. नागऱ्याचा महादेव. आज सकाळचं ‘नाही जी’. कुठंही त्यानं स्वतःला वाचवलं नाही, आणि वाचवत नाही याचं मधूनच बरंही वाटत होतं. फक्त एक उरलं होतं, जे त्यानं पुलाशीही सांगितलं नव्हतं आणि जे ऐकल्याशिवाय धुरपताला खरं कळलं असं झालंच नसतं. “आन् मामाजी,” तो म्हणाला, “मी लगन लेकरासाठी नाही केलं. मले धुरपता पायजे होती. शामकला मेल्यावर चवथ्याच रोजी माया मनात आलं—”

“जवाई,” बकाराम म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू होता. “कोनाले सांगून राहिले?”

केवलरामनं मान वर केली. नर्स दाराकडे धावत होती. डॉक्टर आला, त्यानं मनगट धरलं, सोडलं, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला, आणि मग त्यानं नळी कानातून काढून गळ्यात टाकली. धुरपता कुशीवरच होती, त्याच्याकडे तोंड करून, डोळे उघडे. त्याचं बोलणं ती कुठवर ऐकून गेली, हे आता कुणालाच विचारता येणार नव्हतं.